निळं की हिरवं

बाटल्यांची झाकणं. चार वाट्या. एक रडणारी मुलगी. डोळ्यांत औषध घालून दवाखान्यात मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या आजोबांच्या कानावर शेजारून एवढंच आलं. मग त्यांनी कान टवकारले. बालवाडीच्या दोन बाई बोलत होत्या, एक थोरली, एक धाकटी.

"तिनं झाकण निळ्या वाटीत टाकलं. मी ओरडले, अगं, हिरवं ना ते!"

"आणि होतं निळंच?"

"मला हिरवंच दिसलं गं. मग बाकीच्यांनीही सगळी निळी झाकणं मुकाट्यानं हिरव्या वाटीत टाकली. बाईंनी सांगितलं ना!"

"ताई, मोतीबिंदू आहे, पाप नाही. पण घरी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"घरी आहे कोण? भिंती?"

धाकटीच्या पर्सची चेन करकरली.

"मोठ्या बाईंना सांगू नकोस हं. घरी बसवतील."

"बसा की थोडे दिवस. आराम करा."

"अगं, वर्गात दिवसातून शंभरदा 'बाई, बाई' ऐकते. घरी मला हाक कोण मारणार?"

धाकटी पर्सची चेन उघडत-लावत राहिली. आतून थोरलीला बोलावणं आलं.

"येतेस ना आत?"

"तुम्ही व्हा पुढे, ताई."

मोठ्या बाईंनी ताईंचा वर्ग गेल्या शुक्रवारीच धाकटीला देऊन टाकला होता.