आतली बातमी द्यायची पद्धत

—नाही नाही, लावा पावडर खुशाल, बोलताना मान हलवणार नाही मी. तर काय सांगत होतो—सल्लागार म्हणून ठेवलंय मला दिग्दर्शकानं. तीस वर्षं कंपनीचा सेक्रेटरी होतो ना, शेअरबाजारातली लबाडी सिनेमात खरी वाटावी म्हणून मी. आणि दाखवतायत काय? तळघरातलं पार्किंग, दोघं काळे चष्मे लावून उभे, एकाच्या हातात पाकीट! अहो, आतली बातमी अशी देतात होय? ती जेवताना देतात. म्हणजे—आमच्याकडे एक अधिकारी होता. दोन कंपन्या एक होणार होत्या, जाहीर झालं की शेअरचा भाव चढणार, पण तोवर ठाऊक फक्त चौघांना. त्याचा मेहुणा जेवायला आला, म्हणाला, तुमच्या कंपनीचे शेअर उद्या विकून टाकतो. हा एवढंच म्हणाला, “इतकी घाई काय आहे?” बस. यात लबाडी कुठं आली? माझी बायको तर शेजारीच भाजी वाढत होती, तिच्या लक्षातसुद्धा—

त्याची बायको. त्याची. डोळे मिटू? मिटतो.

मेहुण्यानं विकले तर नाहीतच, उलट आणखी घेतले—मग चौकशी. चौघांतलं कोण फुटलं? तर म्हणे कागद टाइप करणारी स्टेनो. तिच्या भावानंही थोडे शेअर घेतले होते ना. आता तो बिचारा दर महिन्याला घ्यायचा, पावत्या होत्या, तिनं त्या समितीपुढे मांडल्या. समितीत मी होतो. माझ्याकडे बघून म्हणाली, “साहेब, तुम्ही तरी सांगा ना यांना.” बारा वर्षं माझी पत्रं टाइप केलेली बाई. मी चष्मा पुसत बसलो. बराच वेळ पुसला. तिला काढल्याचं पत्र मलाच टाइप करावं लागलं—दुसरं कोण उरलं होतं?

दिग्दर्शकाला सुचवलं मी, तळघर नको, चष्मा पुसणारा माणूस दाखवा. म्हणाला, काका, त्यात नाट्य नाही. उलट तुमचा चेहरा सज्जन आहे, तुम्ही न्यायाधीश व्हा, शेवटी गुन्हेगाराला नीतीचे चार शब्द सुनावा. पाठ आहेत मला. एका दमात म्हणतो.

ती? ती पुढं कुठं गेली ते मला काय माहीत. म्हणजे—आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात असते. मी चार चौक पुढं जाऊन कॉपी काढतो. तिकडे गर्दी कमी असते.

हात का थांबला तुमचा? झालं ना? मग आवरा तो डबा. जा म्हटलं ना.