भूषणची पानथरी

(शीतलच्या घराची ओसरी, दुपार. पानथरी काढण्याचं ऑपरेशन झालेल्या तिच्या नवऱ्याला, भूषणला, त्याची मोठी बहीण रंजीता आत्ताच भैंसा गावाहून, आपल्या घरून, घेऊन आली आहे. तो आत पडला आहे.)

शीतल : चार? चार भाकरी खाल्ल्या त्यायनं?

रंजीता : चार. वरून पिठलं बी मांगून घेतलं. मी तर पाह्यतच राह्यली वं.

शीतल : अकरा वर्सं झाले मले या घरात. माह्या हातची एक भाकर कदी सरली नाई. दोन घास खाल्ले का ताट सरकवत.

रंजीता : अवं, ते त्या पानथरीपायी. तुले डाक्टरनं सांगितलं नाई?

शीतल : मले कोन सांगते? आपरेशन झालं अन् चौथ्या दिवशी मी इकडं आली. पोरीची शाळा, वांग्याचा तोडा. तुमीच म्हनल्या, जा तू, मी हाय इथं.

रंजीता : मंग आता आयक. लहानपनी आमी बेज्जूरले होतो, तवा याले सारका हिवताप ये. तवापासून पानथरी फुगत गेली. ती राह्यते डाव्या फासळीखाली, पोटाले लागून. याची पपईएवढी झाली होती. पोटावरच दाबून राह्यली, त अन्नाले जागा कुटून राहीन? दोन घासात पोट भरल्यावानी वाटे त्याले.

शीतल : नागोराव वैद्य त म्हनले, पानथरीच अन्न पचवते. ती काढली का खाल्लेलं अंगी लागत नाई.

रंजीता : मी बी भेली होती, म्हनून इचारलं. डाक्टर म्हनले, पयले लोकायले तसंच वाटे. पन तिचं काम रगताचं, तापाशी लढायचं. आता ताप आला का घरी बसायचं नाई, सीधा दवाखाना. जेवनाची काई फिकीर नाई. तीन किलो वजन वाढलं त्याचं.

शीतल : तुमच्या घरी वाढलं.

रंजीता : शीतल...

शीतल : मंग काय खोटं बोलून राह्यली? भैंसाहून आले का डब्यात तुमची चटनी. तोंडात तुमचं नाव. एक डाव ती चटनी म्हशीच्या आंबोनात टाकली मी. त्यायले सांगितलं, सांडली.

रंजीता : म्हशीनं खाल्ली?

शीतल : हासू नका. मले वाटे, माह्याच हातात खोट हाय. मीठ कमी करून पाह्यलं, तेल वाढवून पाह्यलं, तुमच्यावानी लसून ठेचून पाह्यला. अन् त्यायचं पयलं पोटभर जेवन कुटं झालं? तुमच्या चुलीपाशी.

रंजीता : माह्या घरी बी तो अर्दीच भाकर खाये. मले वाटे, तूच जेवू घालून धाडलं. मी बी जळत होती तुह्यावर.

शीतल : तुमी? माह्यावर?

रंजीता : हो. अन् आनखी एक सांगतो. टाके निगाले, त्याले आज बारा दिवस झाले.

शीतल : बारा? फोनवर त तुमी म्हनल्या, टाके ओले हाय!

रंजीता : खोटं बोलली. माय गेली तवा हा सात वर्साचा. मीच जेवू घाले. रोज अर्द्या ताटावरून उठे, अन् मी रडे. आता खाऊन राह्यला होता, त वाटलं, आनखी दोन दिवस. मंग आनखी दोन.

शीतल : इथं पोरगी रोज इचारे, बाबा कवा येते. मी जीव मुठीत धरून होती, ताई.

रंजीता : तो बी रोज इचारे. काल पिशवी भरून दारात बसला. म्हने, शीतलची भाजी अकरा वर्सं नुसती चाखली, आता पोटभर खाऊन पाह्यची हाय.

शीतल : असं म्हनले?

रंजीता : लय राग आला मले. चार भाकरी मी थापल्या, अन् नाव तुहं.

भूषण : (आतून) शीतल, भूक लागली वं!

रंजीता : थांब, मी भाकरी टाकतो.

शीतल : परातीले हात लावू नका तुमी.

रंजीता : बरं बाई. जातो मंग मी. दोनची बस हाय.

शीतल : जाऊ नका. जेवून जा. अन् त्यायच्या बाजूले बसा.

रंजीता : मी कायले?

शीतल : ते माह्या तोंडावर काई बोलनार नाई. खाताना काय म्हनते, ते तुमी आयका, अन् मंग मले सांगा.