घाबरू नका, प्रॅक्टिस चाललीय!

घट्ट नको गं ओढू, श्वासापुरती तरी जागा ठेव... अगं पट्टा मागून आवळायचा, कुस्तीला निघालेय का मी?... हां. असा. आता ती पिशवी भर. काठोकाठ नको! मागं ते लाल पाणी माझ्या नव्या ड्रेसवर सांडलं, डाग अजून गेला नाय, आई म्हणती, कॉलेजात शिकायला जाती का रंग खेळायला? तुमी हसताय. हसा. तुमी नव्या पोरी, तुमाला मजाच वाटणार... पट्ट्याला रबराचं पोट, आत रबराचं बाळ, कापडाची वार, नळीतून रक्त! मॅडम येईस्तोवर तुमाला सांगते, खरं तर मी आता तुमच्यात असायलाच नको व्हते, माझ्या बरोबरीच्या कधीच पास होऊन नोकरीला लागल्या, पण ते राहू दे, ते शेवटी. तर नर्सिंगची डिग्री, त्यात मिडवाइफरी, म्हंजे शिकायचं काय? पोट चाचपून बाळाचं डोकं कुठं ते ओळखायचं, ठोके ऐकायचे, कळ कधी आली कधी गेली ते बघायचं, बाळ आलं की पुसून आईच्या छातीवर ठेवायचं, वार हिसकायची नाय... आन हे सगळं शिकायचं कुणावर? ह्या पट्ट्यावर. पट्टा बांधून टेबलावर पाय फाकून झोपणार कोण? आन बाई कोण? तर मी!

मीच का? आवाज! साधना मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "प्रज्ञा, तुझा आवाज किती नैसर्गिक आहे गं." नैसर्गिक कसला? मी बोरीची. आमच्याकडं उसाच्या कडंनं शाळेतून घरी यायचं तर मोठमोठ्यानं बोलत यायचं, म्हंजे बिबट्या असला तर बाजूला होतो. पोरगं चालायला लागलं की आधी वरडायला शिकवतात. मी एकटीच असायचे, मग काय करणार, पाढे वरडत यायचे! सत्तावीसच्या पाढ्यापर्यंत बिबट्याबी शहाणा झाला असंल. आन आमच्या वस्तीवर एक रीत हाय बघा... कुणी वरडलं ना, की माणूस जेवणावरून उठतो, हात न धुता काठी घेऊन पळत येतो. बिबट्या नसला, नुसतं मांजर असलं, तरी येतो. शिव्या देत येतो, पण येतो. मला वाटायचं, जगात सगळीकडं असंच असतंय.

तर मी वरडायचे. रोज. "आई गंऽऽ! मॅडम, रक्त येतंय! लई रक्त येतंय! वाचवा!" आन आपली ही सरावाची खोली, तुमी बघितलंच, लेबर रूमला चिकटून. मधी प्लायवूडचं पार्टिशन. बाहेर सगळा व्हरांडा पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेला. सुरुवातीला काय गोंधळ! येडगावचे एक आजोबा साखर तपासायला आलेले, ते माझं वरडणं ऐकून चपला सोडून गेले ते परत आलेच नाय. एक पोटुशी बाई तपासणीच्या लायनीतनं उठून सासूला म्हणाली, मला घरीच बाळंत करा. मग वॉचमन हनुमंतमामांनी एक वाक्य पाठ केलं. मी वरडले की मामा स्टुलावर बसल्या बसल्या, तंबाखू मळत, "घाबरू नका पावणं, प्रॅक्टिस चाललीय! बोरीची पोरगी हाय, तिचं रोजचंच हाय." झालं. पंधरा दिवसांत सगळी इमारत शांत. मी इकडं रक्तानं मरतीय, तिकडं चहावाला हिशेबानं साखर टाकतोय.

आन गंमत सांगू का? वर्गात शिकवलं, बाळंतिणीला आदरानं वागवा. तिला नावानं हाक मारा. वरडायचं तर वरडू द्या, बसायचं तर बसू द्या. मी वरडले की मॅडम, "शाब्बास!" आन पार्टिशनच्या पलीकडं त्याच टायमाला रत्ना सिस्टर खऱ्या बाईवर, "ए, गप! वरडायचं नाय! तुलाच झालंय का जगात पोर?" म्हंजे बघा, एक इंच प्लायवूड. अलीकडं खोट्या बाईला वरडल्याबद्दल शाबासकी, पलीकडं खऱ्या बाईला वरडल्याबद्दल शिव्या! आमी पोरी दोन्हीकडचं शिकत होतो.

तशात द्रौपदा आली. डिंभ्याच्या वरच्या अंगाची, धरणाच्या पाण्यापलीकडली. एसटीचा भरवसा नाय म्हणून कुणाच्या तरी पिकअपमधून, माशांच्या क्रेटांशेजारी बसून आलेली. पहिलटकरीण. रत्ना सिस्टर विचारतात, "नवऱ्याचं नाव?" ही गप. "अगं नाव सांग नवऱ्याचं!" ही खाली मान घालून, "न्हाई घेत आमी." "घेत नाय म्हंजे? पेपरवर काय लिहू मी?" "बाहीर हायेत की. त्यास्नी इचारा." कळ आलीय, ओठ चावलाय, रक्त निघायचं बाकी, पण नाव म्हणून घेईना! शेवटी हनुमंतमामांनी दारातून हाळी दिली, "द्रौपदाचा मालक कोण हाय रं? नाव सांग बाबा, तुझी बायको कळा सोडून बसलीय!" तेव्हा तो बाकड्यावरून उठून, लाजत, "रखमाजी." सगळा व्हरांडा हसला. मीबी हसले.

तिला सिस्टरांनी एकदाच दरडावलं, "वरडलीस तर बाळाला श्वास पुरायचा नाय." एवढंच. पुढं त्या बाईच्या तोंडातून हूं का चूं नाय! मी तिचा हात धरून बसलेले, मला तिच्या बोटांवरून कळ कळत होती. दुपारी मोकळी झाली. मुलगी. रडली, छातीवर ठेवली, वार पडली, इंजेक्शन झालं, सगळं पुस्तकात असतंय तसं. सिस्टर म्हणाल्या, "बघा, अशी पाहिजे बाई. शहाणी." तेवढ्यात दुसऱ्या बाईचं सिझर निघालं, डॉक्टर न् सिस्टर ऑपरेशनला आत गेल्या, माझ्या बरोबरीच्या जेवायला गेलेल्या, मॅडम मीटिंगला. जाता जाता सिस्टर मला म्हणाल्या, "प्रज्ञा, बस हिच्यापाशी. लक्ष ठेव."

बसले. लक्ष ठेवलं. ती बाळाकडं बघून हसत होती. आता आपल्याला शिकवलेलं काय, की बाळंतिणीच्या बेंबीखाली हात ठेवून बघत राहायचं, गर्भाची पिशवी नारळागत टणक लागली पाहिजे, नायतर रक्त थांबत नाय. मी हात ठेवला... आन तुमाला सांगते, भिजवलेल्या कणकेत हात गेला माझा. चादर उचलली. खाली सगळं लाल. ती बाई अजून बाळाकडं बघत होती! एक शब्द बोलली नाय! पट्ट्यातली बाई असती ना, म्हंजे मी असते ना, तर इमारत डोक्यावर घेतली असती.

पहिली पायरी काय? सांगा बरं. मदतीसाठी हाक मारा. बरोबर. बाळाला कुशीला सरकवलं, एका हातानं पिशवी चोळायला लागले आन हाक मारली. पोरींनो, तशी हाक मी जन्मात मारली नव्हती! "लवकर याऽऽ! रक्त येतंय! लई रक्त येतंय! वाचवा!" ...लक्षात आलं का? शब्दसुद्धा तेच! रोजचे! मग मी वरडले, "खरंय ओ! हे खरंय!" पण तेबी मी सरावात रोज वरडायचे, मॅडमनीच सांगितलेलं, जरा खरं वाटू दे म्हणून! आन दाराबाहेरून हनुमंतमामांचा आवाज आला, असा निवांत... "बस रं रखमाजी. घाबरू नको. प्रॅक्टिस चाललीय." आन बाकडं करकरलं. माणूस खाली बसल्यावर करकरतं ना, तसं.

तुमी म्हणाल, पळत का नाय गेलीस? एकदा हात काढला व्हता. एकदाच. जे भसकन आलं ते बघून परत काढायची छाती झाली नाय. बेल? आहे की! समोरच्या भिंतीला. मोबाईल? लॉकरमध्ये, लेबर रूममध्ये बंदी. चोळतीय आन वरडतीय, वरडतीय आन चोळतीय, घसा बसला, आन बाहेर चहाचे कप वाजतायत. सगळ्या इमारतीत एक बाई वाचवा म्हणून वरडतीय, आन ती बाई कोण? तर मी!

मी द्रौपदाला म्हणलं, "ताई, तुमी वरडा. तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा नाय. तुमी वरडा!" ती पांढरी पडलेली, ओठ सुकलेले, मला काय म्हणाली माहितीय? "नगं बाई... त्या मोठ्या बाई रागावत्यात." अजून! रक्त गादीतून खाली टिपकतंय आन हिला सिस्टर रागावतील म्हणून भ्या! मी रडायलाच लागले. म्हणलं, "ताई, पाया पडते, कुणाला तरी हाक मारा!" तिनं माझ्याकडं बघितलं. मग बाळाकडं. मग जेवढा जीव उरला व्हता तेवढा गोळा केला आन हाक मारली...

"रखमाजीऽऽऽ!"

नाव घेतलं. नवऱ्याचं नाव. बाहेर बाकडं धाडकन पडलं. मामा "अरं प्रॅक्टिस..." म्हणतायत, आन तो, "माजं नाव हाय त्ये! ती माजं नाव घ्येत न्हाई!" पुरुषांना मनाई लिहिलेलं दार लाथेनं उघडून आत. मागं हनुमंतमामा, "ए, आत कुठं? बाहेर हो!" ते ऐकून ऑपरेशनमधून रत्ना सिस्टर, "कोण बाप्या शिरला माझ्या लेबर रूममध्ये?" म्हंजे बघा. बाई मरतीय म्हणून कुणी आलं नाय. बाप्या शिरला म्हणून सगळे आले! मग दोन्ही हातांना सलाईन, डॉक्टर, धावपळ, अँब्युलन्स. सिस्टरांनी सगळं केलं, खोटं कशाला बोलू. मला म्हणाल्या, "पोटावरचा हात काढू नको." नाय काढला. पुण्याला न्यायला काढलं, तसाच हात ठेवून बसले गाडीत. चाकणच्या अलीकडं ट्रक न् ट्रक उभे, सायरन वाजतोय, कुणी हलंना. तिथं ती गेली. माझ्या हाताखाली.

हसू नका... नाय, नाय हसत तुमी. मला वाटलं.

पुढचं ऐका. दीड महिन्यानं रखमाजी आला, पोरीला डोस द्यायला. पोरीनं सुई टोचल्यावर असा टाहो फोडला, मला बरं वाटलं बघा, म्हणलं ही तरी वरडती. साधना मॅडमबी तिथंच उभ्या. तो माझ्याजवळ आला, टोपी हातात, म्हणाला, "बाई, येक इचारू? ती मला हाक मारायच्या आदी तुमी वरडत व्हत्या. ती परॅक्टिस व्हती का खरं व्हतं? मी उठलो व्हतो. मामा म्हनले बस, मी बसलो. येवढंच सांगा. मला झोप न्हाई."

आता आपल्याला त्याचा तास असतोय, वाईट बातमी कशी द्यावी. समोर खाली बसावं, डोळ्याला डोळा द्यावा, सोप्या शब्दांत खरं ते सांगावं. मी खाली बसले. डोळ्याला डोळा दिला. सोप्या शब्दांत सांगितलं, "दादा, प्रॅक्टिस व्हती."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला. "मंग बरं," म्हणाला. पोरीला खांद्यावर टाकून गेला.

आठवड्यानं चौकशी बसली. मोठे मोठे लोक, पाण्याच्या बाटल्या. "रक्तस्राव दिसल्यावर तू मदतीसाठी हाक मारलीस का?" मी तोंड उघडणार, तर मॅडम म्हणाल्या, "पहिलं ओरडणं सरावाचं होतं, सर. तिनंच पेशंटच्या नवऱ्याला सांगितलं, मी ऐकलंय." मी मॅडमकडं बघितलं. त्या टेबलाकडं बघत होत्या. खरं बोलायचं ना मग? बोलायचंच व्हतं! पण चौकशी कुठं चाललेली? ह्याच खोलीत. आन बाहेर त्याच बाकड्यावर जबाबासाठी कोण बसवलेला? रखमाजी. मधी प्लायवूड. ज्या प्लायवूडमधून माझं खोटं वरडणं सगळ्या इमारतीला जातंय, त्यातून एक खरं वाक्य बाकड्यापर्यंत जायला कितीसा वेळ? मी म्हणलं, "हो सर. सरावाचं व्हतं."

निकाल लागला. विद्यार्थिनीनं वेळेत मदतीसाठी हाक मारली नाही. सहा महिने घरी, मग वर्ष पुन्हा. सबंध कॉलेजात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? आन वरडली नाय म्हणून नापास कोण? ती बाई कोण? तर मी!

पण सुधारणा झाली हां, तसं नाय. येताना दारावर लाल बल्ब बघितला का? तो आपल्यासाठी बसवलाय. लागला की समजायचं सराव, विझला की समजायचं खरं. मोठ्या साहेबांनी नारळ फोडला. पहिल्याच आठवड्यात बटण अडकलं, वायरमनला सांगितलंय, तो येतो येतो म्हणतोय. तोवर बल्ब दिवसरात्र चालू. आता ह्या मजल्यावर कुणीबी वरडलं तरी सरावच...

आल्या वाटतं मॅडम. चप्पल वाजली. चल गं, पिशवीची नळी सोड. पहिली पायरी कोण म्हणणार? तू म्हण. मार हाक... अगं ह्याला हाक म्हणतात? ही तुझ्या आईलाबी ऐकू जायची नाय. सरका. नेहमीचंच हाय माझं. कानावर हात ठेवा पोरींनो... आन घाबरू नका. कुणी येत नाय.