बबीचं बोट

ताई : पण सुरी बोथट होती, बाई. मी स्वतः अंगठ्यावर फिरवून बघितली होती.

मोठ्या बाई : बोथट सुरीच जास्त कापते गं, जोर लावावा लागतो ना! आता हात चोळत बसू नकोस. बबीची आई तिला दवाखान्यातून घरी सोडून इकडे बालवाडीतच यायला निघालीय. काय सांगायचं ते ऐक.

ताई : खरं तेच सांगेन. माँटेसरीबाईंनी मुलांच्या हातात खरी काचेची भांडी दिली होती. फुटली तर फुटली, जपून धरायला मुलं त्यातूनच शिकतात...

मोठ्या बाई : जिच्या पोरीच्या बोटाला टाके पडलेत, तिला तू माँटेसरी ऐकवणार? जखमेवर मीठ चोळायला?

ताई : मग काय सांगू?

मोठ्या बाई : सुरी कपाटात होती. तुझी पाठ वळली आणि बबीनं हळूच काढली.

ताई : एवढ्याशा पोरीला चोर ठरवायचं?

मोठ्या बाई : ठरवायचं कशाला, नुसतं सुचवायचं. फ्रोबेल पाठ आहे ना तुला? ज्यानं बालवाडी काढली, त्याच्याच बालवाड्यांवर सरकारनं बंदी घातली. ती बंदी उठायच्या आत म्हातारा गेला. परीक्षेत हे लिहिताना मला काही वाटलं नव्हतं. आज आपलीच बालवाडी बंद पडायची वेळ आलीय. एका आईनं दारात आरडाओरडा केला, की बाकीच्या आपापली पोरं उचलून नेतात.

ताई : फाटक वाजलं. आल्या वाटतं.

मोठ्या बाई : डोळे पूस. आणि बोलेन ते मी बोलेन... या, या. बसा ना. बबी कशी आहे?

आई : घरी आहे, आजीजवळ. मला बसायचं नाही. सुरी तिच्या हातात आली कशी?

मोठ्या बाई : त्याचं असं झालं, कपाट जरा...

ताई : मी दिली.

मोठ्या बाई : अगं!

ताई : मीच दिली. काकडी चिरायला.

आई : खेळण्यातली सुरी मिळत नाही का तुम्हाला?

ताई : मिळते. पण तिनं काही चिरत नाही आणि मुलांना ते लगेच कळतं. माँटेसरी नावाच्या एक डॉक्टरबाई होऊन गेल्या. मुलांना खोटी कामं देऊ नका, असं त्यांचं...

आई : त्यांना मूल होतं?

ताई : होतं. एक मुलगा.

आई : त्याच्या हातात दिली होती का सुरी?

ताई : माहीत नाही. लहानपणी तो त्यांच्याजवळ नव्हता. दुसऱ्यांकडे वाढला.

आई : म्हणजे त्याचं बोट कापलं असतं, तर त्यांनाही निरोपच आला असता. माझ्यासारखा.

ताई : हो.

आई : फोनवर तुम्ही नुसतं ‘रक्त’ म्हणालात. कामावरून पळत येताना माझ्या मनात काय काय आलं, ते माझं मला माहीत.

ताई : त्या बाईंचा सगळा भर मुलाकडे बघत राहण्यावर होता. मी सुरी दिली आणि दोघांचं भांडण सोडवायला वळले. बघायचं तेवढं राहिलं. चुकलं ते तिथं.

मोठ्या बाई : झालं! आता तुम्ही बबीला काढून नेलंत तरी आम्ही कोणत्या तोंडानं अडवणार?

आई : तेच सांगायला निघाले होते. पण घरी पाय टाकल्यापासून पोरीनं धोशा लावलाय, ‘आई, तुला चिरून दाखवते.’ आजीनं सुरी वरच्या फळीवर ठेवली, तर रडून घर डोक्यावर घेतलं.

ताई : मग?

आई : मग काय! नाही म्हणावं, तर तिच्या मनात भीती बसायची. हो म्हणायला माझी छाती होत नाही.

ताई : शेजारी बसा. हात लावू नका, फक्त बघा.

आई : सोपं आहे का ते?

ताई : नाही. मला तरी आज जमलं नाही.

आई : टाके निघाले, की एकदा संध्याकाळी घरी या, ताई. दोघी बसू.