प्रेमच्या कंपनीला ईमेल

मुरुडच्या स्टँडवर लातूरची गाडी अजून लागायची होती. विनीता बाकड्यावर टेकली, तशी मागच्या बाकड्यावरच्या बापलेकीचं बोलणं तिच्या कानावर पडू लागलं.

"रूपाली, झालं का लिहून?"

"लिहून राहिले ना, बाबा. पहिली ओळ ठरलेली असती. 'आपण खुशाल असाल अशी आशा आहे.'"

"ते खुशालच हायत. आपला प्रेम गेला म्हणून फोनवर सांगितलं, तरी कामावर का न्हाई म्हणून इचारून राहिले."

"फोन चालत न्हाई त्यांना. इंग्रजीत ईमेलच लागतो."

"मग लिही, भाऊ एक्स्पायर झाला."

"क्लासच्या मॅडम म्हणतात, एक्स्पायर औषधं होतात. माणसाला 'पास्ड अवे' लिहायचं."

"पास?"

"हाव."

विनीताने मागे वळून पाहिलं नाही.

"बारावीला पास झाला तवा तुझ्या आईनं गल्लीभर पेढे वाटले होते."

"बाबा, लिहू ना मी पुढं?"

"लिही. पर आईपुढं वाचू नको. तिला इंग्रजीतला तेवढाच शब्द कळतो."