भिंतीवरची दांडी

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते, दोघंही पन्नाशीचे. भावाच्या मांडीवर बाथरूममध्ये आधाराला लावतात तसली स्टीलची दांडी होती.

"बाळ्या, घर विकताना भिंतीला ठोकलेलं सगळं द्यायचं ठरलं होतं ना?"

"दिलं की. पंखे दिले, गीझर दिला."

"आणि हीच तेवढी उचकटून आणलीस."

"बाबा हिला धरून उठायचे, ताई."

"मग घेणाऱ्यांच्या आजी कशाला धरून उठणार होत्या? पडल्या ना बिचाऱ्या."

"त्यांच्याकडेही म्हातारं माणूस असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आता निदान नीट लावून दे. आण इकडे, पुसते. सगळे बोटांचे डाग आहेत तिच्यावर."

"उतरताना पूस, ताई. तोवर राहू देत."