मागच्या सीटवरचा आवाज

पुढे नको, पुढे नको — मागे बसा, डाव्या खिडकीपाशी. वाचणाऱ्याची जागा तीच. पट्टा लावा, आणि दार जरा जोरात ओढा — हं, लागलं. आता ऑफिसनं तुम्हाला काय सांगितलंय मला माहीत नाही, त्या लोकांना गाडीत बसायचं नसतं, त्यामुळे सांगायलाही त्यांच्याकडे फारसं काही नसतं — तर मीच सांगतो. समोर सीटच्या पाठीला पडदा आहे ना, त्यावर वाक्य येईल. 'खिडकी खाली कर.' 'जवळचा पेट्रोल पंप दाखव.' 'आईला फोन लाव.' ते वाचायचं, बस्स. मी गाडी पळवणार, काच उघडणार, मुद्दाम खडीच्या रस्त्यावर घालणार — आणि एवढ्या गोंगाटात तुमचं बोलणं मशीनला कळतंय का ते बघायचं. नाही कळलं तर ती म्हणते, 'माफ करा, पुन्हा सांगा.' चिडायचं नाही, पुन्हा सांगायचं. माइक? सगळीकडे आहेत — छतात, आरशामागे, तुमच्या डोक्यावर. सतत चालू. पण आपल्या गप्पा कोण ऐकतंय हो, ऑफिसात कापून टाकतात सगळं.

हायवे लागू दे, मग सुरू करू. तुमच्या आधी? आधी एक बाई होत्या. सगळे त्यांना मैनाताई म्हणायचे, आवाजच तसा — काच उघडी असो, शेजारून ट्रक जावो, मशीन त्यांचं एक अक्षर चुकत नसे. मला म्हणायच्या, दादा, या पोरीला माझं सगळं पहिल्यांदाच कळतं, घरी मात्र... आणि लगेच पडद्यावरचं पुढचं वाक्य वाचायला घ्यायच्या. मशीनला पोरगी म्हणायच्या. का गेल्या? गेल्या म्हणजे — गेल्या. माणसं येतात, जातात. तुम्हाला काय, तुम्हाला काम मिळालं ना!

नाही, तसं काही भांडण नव्हतं. एक दिवस काय झालं, सांगतो, रस्ता रिकामाच आहे. सकाळी बसल्या, गाडी सुरू केली, आणि मशीनला काही कळेचना. 'पेट्रोल पंप दाखव' — माफ करा, पुन्हा सांगा. 'आईला फोन लाव' — माफ करा. मला वाटलं माइक गेला. गाडी बाजूला घेतली, काच वर केली, पंखा बंद केला, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता — तरी तेच. माफ करा, पुन्हा सांगा. आणि बाई पुन्हा सांगतायत, पुन्हा सांगतायत, आवाज रडवेला होत चाललेला. मग मी आरशात बघितलं. ओठ फाटलेला. 'प', 'फ', 'म' म्हणायला दोन्ही ओठ मिटावे लागतात ना, ते मिटतच नव्हते. मी म्हटलं, ताई, हे काय? तर म्हणाल्या, बाथरूममध्ये घसरले. गाडी वळवायला लागलो, तशा म्हणाल्या — दादा, परत नेऊ नका. आज घरी गेले तर उद्यापासून मी कुठंच यायची नाही.

मी काय करणार? ड्रायव्हर माणूस. बस स्टँडवर सोडलं, पुढं कुठे गेल्या मला माहीत नाही. माहेरी? माहेरी कशाला जातील, तिथं तर तो आधी बघेल. नवऱ्याला मी पाहिलेलं नाही, ऐकलंय फक्त — बोलायला अगदी मध, चारचौघांत बाईला अहो-जाहो करणारा. हो ना, तुम्हालाही वाईट वाटलं ना? वाटणारच. पण आता बऱ्या आहेत हो. ओठ भरून आला, परवा तर चक्क हसल्या, आमच्या बहिणीनं कुणाचा तरी कोट इस्त्रीनं जाळला त्यावर — म्हणजे — अं — मी सहज गेलो होतो बहिणीकडे. लॉन्ड्री आहे तिची, पुलापलीकडे, वर दोन खोल्या. आता बोललोच आहे तर... तुम्ही भले दिसता, म्हणून. पोटात ठेवा. खूप लागलं होतं का म्हणून काय विचारता, डावा गाल असा टम्म —

काय? उजवा?

थांबा. परवा इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या होत्या, डाग इकडच्या बाजूला... हो. उजवाच. त्या दिवशी मी आरशात बघितलं, उलटं दिसलं, म्हणून मी डावा डावा म्हणत बसलो. बरोबर आहे तुमचं, उजवाच.

तुम्हाला कसं माहीत?

हँडल ओढू नका. मागची दारं आतून उघडत नाहीत, पोरांसाठी असतं ना ते कुलूप, तसलं. आणि या वेगात उघडून करणार काय? मोबाईल खिशात ठेवा. ठेवा म्हणतो ना! सकाळी गेटवर 'ऑफिसनं पाठवलंय' म्हणालात आणि मी गाढवासारखं दार उघडून दिलं. — गाडी, बहिणीला फोन लाव. — हं, उचलला. ऐक, काही विचारू नकोस. शटर ओढ, ताईंना घे आणि मागच्या जिन्यानं बाहेर पड. सरळ पोलीस चौकीत जाऊन बस दोघी. हो, तोच. माझ्या गाडीत आहे. नाही, मला काही होत नाही, तू नीघ. पळ.

आता ओरडून काय उपयोग? वळणार नाही मी. टाकी भरलेली आहे, रस्ता लांब आहे, दोघी पोचल्याचा फोन येईपर्यंत गाडी कुठंही थांबणार नाही. माझी नोकरी? गेली समजा. मी जे बोललो तेही माइकनं घेतलंय, आणि तुमचं 'उजवा' पण घेतलंय, एकदम स्वच्छ, ते कुणी कापणार नाही याची व्यवस्था मी करतो. तोवर बोला ना. मघाशी किती गोड बोलत होतात. तुमचं काय चुकलं नाही, बाईच कशी वाईट, सांगायचं ते सांगा, इथं सगळं टिपलं जातं.

बोला.